कॅनडातल्या लहान तळ्यावर गरवायला जाताना

शास्त्रीकाठचा (१६ जुलै)

नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी मी आणि बाबा ओंटारिओ प्रांतातल्या अल्गॉन्क्विन प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये मासे गरवायला गेलो होतो आणि रिकाम्या हातांनी परत आलो. काय चुकले हे जाणकारांकडून समजून घ्यावे आणि आमच्या चुका पुढच्या माणसाच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून हा धागा काढतो आहे.

बाबा ६८ वर्षांचे आहेत आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टोरांटोजवळ आले आहेत. संगमेश्वराच्या खालच्या अंगाला, शास्त्री नदीच्या काठी आमचे घर असल्यामुळे त्यांचे लहानपण आणि नोकरीतल्या बहुतेक सुट्ट्या गरी टाकण्यातच गेल्या. त्यांना इथले मॉल दाखवून झाले, नायगारा दाखवून झाला, पण ते खरे खुलले ते मी तळ्याचे नाव काढल्यावर.

पार्कच्या पश्चिम दरवाज्यापर्यंत आमच्या घरापासून सुमारे तीन तास लागले. तिथून हायवे ६० वर चौदा किलोमीटर आत गेले की कनू लेक लागते. तिथे भाड्याने कनू, म्हणजे वल्ह्यांची हलकी होडी, घेतली, तळ्याच्या उत्तर टोकापर्यंत वल्हवत गेलो, बंधाऱ्याशेजारच्या २९५ मीटरच्या पायवाटेवरून ती डोक्यावर वाहून नेली आणि पलीकडच्या लहानशा जो लेकमध्ये उतरवली. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी अशी खांद्यावर घेऊन जाण्याला इथे पोर्टेज म्हणतात. बाबांनी गरीच्या दोन्ही काठ्या आणि डब्याची पिशवी घेतली आणि माझ्या मागून चालत, "पालखीला खांदा देणाऱ्याला निदान आत देव असल्याचे समाधान असते," असे ऐकवले.

सकाळी अकरा ते दुपारी चार असे पाच तास आम्ही पाण्यावर होतो. आमिष म्हणून दुकानातून आणलेली जाडजूड गांडुळे होती. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, पण स्वच्छ. ऊन कडक होते आणि हात बुडवला तर पाणी कोमट लागत होते. पाच तासांत तळहाताएवढा एक चपटा, नारिंगी पोटाचा मासा लागला आणि तो सोडून दिला. बाबा परतताना एवढेच म्हणाले, "पाण्यात मासा आहे, पण आपण त्याच्या घरी नव्हतो."

दुसरी चूक परवान्याची होती. पासष्टीपुढच्या माणसाला ओंटारिओत मासेमारीचा परवाना लागत नाही, असे मी कुठेतरी वाचले होते आणि त्या भरवशावर फक्त माझाच परवाना काढला होता. ही सवलत कॅनडाच्या रहिवाशांपुरतीच आहे, पाहुण्यांना नाही, हे आदल्या रात्री नियम पुन्हा वाचताना लक्षात आले. नशिबाने एक दिवसाचा परवाना ऑनलाइन मिळाला.

आता प्रश्न असा की जुलैत अशा तळ्यावर जाणे मुळातच चूक होते का? आणि चूक नसेल, तर मासे होते कुठे?

हिमरेषा (१६ जुलै)

धागा काढलात हे उत्तम झाले, कारण दर उन्हाळ्यात हाच प्रश्न मला चार जण फोनवर विचारतात. मी सडबरीकडे गेली एकोणीस वर्षे राहतो आणि वर्षातून निदान वीस दिवस तळ्यावर असतो.

आधी परवान्याचे पुरे करून टाकतो. १८ ते ६४ या वयातल्या रहिवाशांना आउटडोअर्स कार्ड आणि त्यावर मासेमारीचा परवाना असे दोन्ही लागते. कार्ड तीन वर्षे चालते. परवान्याचे दोन प्रकार आहेत, स्पोर्ट आणि कॉन्झर्व्हेशन. दुसरा स्वस्त असतो आणि त्यावर कमी मासे ठेवता येतात. हौशी माणसाला तोच पुरतो, कारण स्पोर्ट परवान्याची मर्यादा गाठण्याइतके मासे नवशिक्याला लागतच नाहीत. एक दिवसाच्या परवान्याला कार्ड लागत नाही, म्हणून पाहुण्यांसाठी तो सोपा. वर्षातून काही ठरावीक दिवस परवान्याशिवाय मासेमारीची मुभा असते. फॅमिली डे, मदर्स डे आणि फादर्स डे यांचे शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यातला एक आठवडा त्यांत येतो. मात्र तीही कॅनडाच्या रहिवाशांनाच आहे. म्हणजे फादर्स डेला भारतातून आलेल्या वडिलांना घेऊन गेलात, तर मुलाला परवाना नको आणि वडिलांना हवा, असा चमत्कारिक प्रसंग येतो.

तुमचा तळहाताएवढा मासा बहुधा पम्पकिनसीड असावा. तो लागला याचा अर्थ तुम्ही काठाजवळच्या उथळ, उबदार पाण्यात होता. जुलैच्या भर दुपारी तिथे दुसरे काही लागत नाही. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी तळ्यावरचा बर्फ वितळल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे हाच खरा काळ. अल्गॉन्क्विनमध्ये ते साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत येतात. ट्राउटचा हंगामही एप्रिलच्या अखेरीस उघडतो आणि ३० सप्टेंबरला बंद होतो. बास हा दुसरा मासा मात्र जूनच्या उत्तरार्धापर्यंत धरता येत नाही. जाण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहावी. प्रांताचे २० मत्स्यविभाग केलेले आहेत, अल्गॉन्क्विन १५व्या विभागात येते, आणि विभागाच्या सर्वसाधारण नियमांखाली ठरावीक तळ्यांचे अपवाद बारीक अक्षरात दिलेले असतात. लोक फसतात ते तिथे.

तळ्यातमळ्यात (१७ जुलै)

"आपण त्याच्या घरी नव्हतो" हे तुमच्या वडिलांचे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. माझे काम तळ्यांच्या पाण्याचेच आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सिअसला. त्याहून गरम झाले तरी हलके होते आणि त्याहून थंड झाले तरी हलके होते. उत्तरेतल्या तळ्याचे सगळे वर्ष या एका गोष्टीवर चालते. हिवाळ्यात वर बर्फ, त्याखाली शून्य अंशाच्या जवळपासचे पाणी आणि तळाशी चार अंशांचे पाणी असते. वसंतात बर्फ गेला की वरचे पाणी तापत तापत चार अंशांवर येते, आणि त्या काही दिवसांत वरपासून तळापर्यंत सगळे पाणी एकाच वजनाचे होते. मग वारा सुटला की ते अख्खे ढवळून निघते आणि वरचा प्राणवायू तळापर्यंत पोचतो. थंड पाण्यात राहणाऱ्या ट्राउटला त्या वेळी सगळे तळे मोकळे असते. काठाजवळ खाणे जास्त असते म्हणून तो काठाशी येतो. हिमरेषा यांनी सांगितलेले दोन-तीन आठवडे ते हेच.

जून उजाडला की वरचा थर तापतो, हलका होतो आणि खालच्या थंड पाण्यावर तेलासारखा तरंगत राहतो. दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, ज्यात दर मीटरला पाणी झपाट्याने थंड होत जाते. लहान, वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या तळ्यात हा पट्टा पाच-सहा मीटरांवरही सापडतो, मोठ्या तळ्यात त्याहून खाली. तुम्ही हात घातलात ते वरचे पाणी बावीस-तेवीस अंशांचे असणार. ट्राउटच्या जातींपैकी लेक ट्राउटला दहा अंशांच्या आसपासचे पाणी आवडते, आणि ब्रुक ट्राउट वीस अंशांच्या वर तगमगू लागतो. म्हणजे तुमची गांडुळे जिथे लोंबत होती तिथे ट्राउट येणे शक्यच नव्हते. तो तुमच्या होडीच्या बरोबर खाली असू शकेल, पण दहा-पंधरा मीटर खोल.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. एकदा हे थर पडले की खालच्या पाण्याला शरद ऋतूपर्यंत नवा प्राणवायू मिळत नाही. तळाशी कुजणारा पालापाचोळा होता तोही संपवत जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वरून उष्णता आणि खालून घुसमट अशा कात्रीत लेक ट्राउट सापडतो, आणि त्याची राहण्याची जागा काही मीटरांच्या पट्ट्यापुरती उरते. त्या दिवसांत खोलवरून ओढून वर आणलेला ट्राउट सोडून दिला तरी जगेलच असे नाही, कारण त्याला वरच्या कोमट पाण्यातून खेचून आणलेले असते. वसंतात सोडलेला मासा आणि ऑगस्टात सोडलेला मासा यांत फार फरक आहे. "आम्ही सगळे सोडूनच देतो" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक सांगतो. शास्त्रीची खाडी आणि हे तळे यांची तुलना करू नका. अल्गॉन्क्विनचे तळे शंभर कोटी वर्षांहून जुन्या कातळात, हिमनद्यांनी खरवडलेल्या खळग्यात साचलेले आहे. माती पातळ आणि पाण्यात पोषणद्रव्ये नावापुरती. पाणी स्वच्छ दिसते ते गरीब असल्यामुळे. भरती नाही, गाळ नाही, वर्षातले पाच महिने बर्फ. अशा पाण्यात लेक ट्राउटला पहिल्यांदा अंडी घालण्याच्या वयात यायलाच सहा-सात वर्षे किंवा अधिक लागतात. खाडीतून एका भरतीला उचललेले पुढच्या भरतीला भरून निघते. इथे चार होड्यांनी एका आठवड्यात केलेली तूट भरून निघायला वर्षे जातात. ओंटारिओत अडीच लाखांवर तळी आहेत असे ऐकून माणसाला वाटते की काय कमी आहे! पण मासा अडीच लाख तळ्यांत राहत नाही, तो एका तळ्यात राहतो.

अळूवडी (१७ जुलै)

मी मासे खात नाही आणि गरवणार तर मुळीच नाही, पण ऑगस्टमध्ये आम्ही चौघे (दोन मुले, नऊ आणि सहा वर्षांची) याच भागात जाणार आहोत, म्हणून विचारते. लहान मुलांना घेऊन कनूतून जाणे कितपत सुरक्षित आहे? आणि ज्यांना गळ टाकायचा नाही त्यांनी तळ्यावर दिवसभर करायचे काय?

हिमरेषा (१७ जुलै)

अळूवडी, मुलांना जरूर न्या, मात्र कनू लेकच्या मधोमध जाऊ नका. त्या तळ्यावर दुपारी वारा उठतो आणि लाटा चांगल्याच होतात. सकाळी लवकर निघून काठाकाठाने जावे. होडीत प्रत्येकाच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलांना ते घालूनच बसवा, खाली ठेवलेले जॅकेट बुडताना घालता येत नाही. शिवाय शिट्टी, १५ मीटर लांबीचा तरंगणारा दोर आणि पाणी उपसायला भांडे लागते. भाड्याने होडी देणारे हा संच सोबत देतात, पण उघडून पाहून घ्यावा. पार्कचा गाडीचा दैनिक परवाना आधीच ऑनलाइन काढा, कारण शनिवार-रविवारी तो संपतो.

दिवसभर करायचे काय, याचे उत्तर लून. काळ्या डोक्याचा, लाल डोळ्यांचा, पाठीवर पांढऱ्या चौकड्या असलेला हा पक्षी १९८७ पासून इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, म्हणून नाण्यालाही लूनी म्हणतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. ऑगस्टपर्यंत ती मोठी होतात, पण मागे मागे पोहताना दिसतील. संध्याकाळी त्याची हाक ऐकली की सहा वर्षांचे मूल तुम्हाला चिकटून बसेल, एवढे नक्की.

आणि गरवणाऱ्यांसाठी याच संदर्भात एक विनंती. दोरीला लावायचे शिशाचे वजन वापरू नका. लून अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळतो आणि त्यांत पडलेले शिसेही गिळतो. त्या आकाराचा एकच तुकडा त्याला मारायला पुरतो. कथिलाची किंवा टंगस्टनची वजने दुकानात मिळतात. थोडी महाग पडतात, पण एक पाकीट दोन वर्षे जाते.

खाजणकर (१८ जुलै)

मी मालवणचा, सध्या मुंबईत. कॅनडाला येण्याचा योग नाही, पण गरीचा विषय निघाला की गप्प बसवत नाही. गांडूळ हे आमच्याकडे नदीतल्या, ओढ्यातल्या माशाचे आमिष. खाडीत कोळंबी किंवा तारलीचा तुकडा चालतो. मग तिथे जिवंत लहान मासा गरीला का लावत नाही? मोठा मासा हमखास लागेल.

आणि दुसरे, शास्त्रीकाठचा यांच्या बाबांना एक विचारा. ते काठीने गरवत होते की हातदोरीने? त्या चक्रीच्या काठीवर माशाचा टोचा कळतो तरी का?

हिमरेषा (१८ जुलै)

खाजणकर, अल्गॉन्क्विनमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरायलाच काय, जवळ बाळगायलाही बंदी आहे. कारण साधे आहे. दिवस संपला की माणूस बादलीतले उरलेले मासे तळ्यात ओततो. त्यांत एखादी जात अशी निघते की जी त्या तळ्यात कधी नव्हती. ब्रुक ट्राउटची कित्येक लहान तळी अशीच गेली. बाहेरून आलेली जात ट्राउटच्या पिल्लांचे खाणे फस्त करते आणि दहा वर्षांत ट्राउट नाहीसा होतो. त्याच कारणाने २०२२ पासून ओंटारिओभर होडी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे गाडीने नेण्यापूर्वी साफ करणे आणि तिच्यातले पाणी काढून टाकणे बंधनकारक झाले आहे.

गांडुळे चालतात, पण त्यांचीही गंमत ऐका. इथल्या उत्तरेकडच्या जंगलात मुळात गांडुळेच नव्हती, हिमयुगाने ती पुसून टाकली होती. आज दिसतात ती युरोपातून आलेल्या लोकांबरोबर आलेली. आपल्याकडे गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र, इथल्या जंगलाला मात्र ते जमिनीवरचा पानांचा थर खाऊन उघडे पाडते. तेव्हा उरलेली गांडुळे "जीव वाचला बिचाऱ्यांचा" म्हणून झाडाखाली सोडू नका. परत आणा आणि कचऱ्यात टाका.

शास्त्रीकाठचा (१८ जुलै)

खाजणकर, बाबांना तुमचा प्रश्न वाचून दाखवला आणि ते उठून बसले. त्यांचे म्हणणे असे: काठी त्यांनी हातात धरली होती ती केवळ माझ्या समाधानासाठी. चक्रीतून हातभर दोरी सैल काढून ती त्यांनी उजव्या हाताच्या तर्जनीवर घेतली होती, आणि त्या बोटावर जे कळते तेच खरे. "काठीचे टोक हलले तर मासा येऊन गेला असे समजावे."

तळ्यातमळ्यात यांचे आभार कसे मानू? तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी तीनदा वाचला. बाबा सप्टेंबरअखेरपर्यंत इथे आहेत. वसंत तर गेला. मग आता कोणत्या माशामागे जावे?

तळ्यातमळ्यात (१९ जुलै)

स्मॉलमाउथ बासमागे जा, आणि निःशंक मनाने जा. तो या तळ्यांतला मूळचा रहिवासी नाही. १८९६ मध्ये अल्गॉन्क्विनमधून रेल्वे सुरू झाली आणि तिच्यामागून हॉटेले आली. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना भर दुपारीही काहीतरी लागावे म्हणून १९०० च्या सुमारास बास मुद्दाम आणून सोडला. ट्राउट उन्हाळ्यात खोल जातो हे तेव्हाच्या लोकांनाही ठाऊक होते, त्यांनी उत्तर मात्र वेगळे काढले. बास उबदार पाण्यात सुखाने राहतो आणि काठाजवळचे लहान मासे खाऊन टाकतो. एरवी ते वसंतात ट्राउटच्या वाट्याला आले असते. पार्कमधल्या ओपिओंगो तळ्यावर हार्कनेस प्रयोगशाळा १९३६ पासून हेच सारे नोंदवत आली आहे. परतणाऱ्या मासेमारांना किती तास बसलात, काय लागले, केवढे होते, हे तिथे विचारले जाते आणि लिहून ठेवले जाते. एका तळ्याच्या इतक्या लांब नोंदी जगात फार थोड्या आहेत. तुम्ही कधी तिकडे गेलात आणि कुणी विचारले, तर रिकाम्या हाताचेही खरे सांगा. पाच तासांत शून्य हीसुद्धा नोंदच असते.

जागेबद्दल म्हणाल तर पाण्यात घुसलेला खडकाळ कडा शोधा, जिथे दोन मीटरांवरून तळ एकदम पाच-सहा मीटरांवर जातो. वेळ सूर्योदयापासून दोन तास.

अळूवडी (१९ जुलै)

एक शंका. मुलांसाठी म्हणून नव्हे, पण माझ्या बहिणीकडे सगळे मासे खातात आणि ती म्हणते की इथल्या तळ्यातल्या माशांत पारा असतो. मग एवढे करून तो खायचाच नसेल तर काय उपयोग?

तळ्यातमळ्यात (१९ जुलै)

बहिणीचे बरोबर आहे, पण घाबरण्याची गरज नाही. हवेतून आणि दगडमातीतून आलेल्या पाऱ्याचे तळ्यातले सूक्ष्मजीव अशा रूपात रूपांतर करतात की तो माशाच्या अंगात साठत जातो. लहान माशाला खाणाऱ्या मोठ्या माशात जास्त, आणि वय वाढेल तसा आणखी जास्त. तो मांसातच असतो, त्यामुळे कातडी किंवा चरबी काढून कमी होत नाही. प्रांत सरकारची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात तळ्याचे नाव, माशाची जात आणि लांबी घातली की महिन्यातून किती वेळा खावा हे सांगते. मुले आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी आकडा वेगळा आणि कडक असतो. थोडक्यात, खायचा तर लहान ठेवा आणि फोटो काढायचा तर मोठा सोडा. योगायोगाने तळ्याच्या हिताचेही तेच आहे, कारण मोठी मादी अंडी जास्त घालते.

शास्त्रीकाठचा (२१ सप्टेंबर)

दोन महिन्यांनी धागा वर काढतो आहे, कारण काल आम्ही पुन्हा जाऊन आलो. बाबांसाठी पुन्हा एक दिवसाचा परवाना काढला, माझा कॉन्झर्व्हेशनचा होताच. म्हणजे माझ्या नावावर दोन बास ठेवता आले असते.

या वेळी आदल्या रात्री पार्कमध्येच तंबू ठोकून राहिलो आणि पहाटे अंधारात कनू लेकवर होडी घातली. पाण्यावर धुके इतके होते की पुढे बसलेले बाबा पाठमोरे अर्धेच दिसत होते. टॉम थॉमसन हा इथला नामवंत चित्रकार १९१७ च्या ८ जुलैला याच तळ्यावर होडी घेऊन निघाला आणि आठ दिवसांनी त्याचे शव सापडले, ही गोष्ट मी वाटेत सांगितली. तोही मासेमारीचा शौकीन होता असे ऐकल्यावर बाबांनी जॅकेटचा पट्टा एक घर आवळला.

पलीकडे जो लेकवर एक खडक पाण्यात शिरलेला सापडला. दोरीला कथिलाचे वजन बांधून खोली मोजली तेव्हा होडीच्या एका बाजूला दोन मीटर आणि दुसऱ्या बाजूला सहा. बाबांनी चक्री अडकवून टाकली, दोरी तर्जनीवर घेतली आणि डोळे मिटले. वीसएक मिनिटे काही नाही. मी माझ्या काठीवर चमचा (धातूचे चमकते खोटे आमिष) फेकत होतो, त्याचा प्रत्येक आवाज त्यांच्या कपाळावर उमटत होता. मग त्यांचे बोट नखभर खाली गेले. त्यांनी ओढले नाही. बोट आणखी एकदा खाली गेले, दोरी कडेला सरकू लागली, तेव्हा मनगट वळवून त्यांनी झटका दिला आणि पुढच्याच क्षणी पाण्याबाहेर हातभर उंच तांबूस सोनेरी मासा उडाला. असा पाण्याबाहेर डोके झटकणारा मासा त्यांनी खाडीत फारसा पाहिलेला नसावा, कारण ते मोठ्याने "अरे, ह्याला काय झाले?" असे म्हणाले. दोनदा उडूनही गरी सुटली नाही. हात ओले करून मी त्याला खालच्या ओठाने धरले. ३४ सेंटिमीटर, अंगावर उभे काळपट पट्टे आणि डोळा गुंजेसारखा लाल.

त्यानंतर बाबांना आणखी दोन लागले आणि मला एक. दोन लहान ठेवले, मोठे दोन सोडले. माझ्या चमच्याला आणखी एक हलकासा हिसका बसला होता. तिथे तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पाणी बोटांना गार लागत होते, तेव्हा तो ब्रुक ट्राउट असावा असे मला वाटते. पण दिसला नाही, म्हणून हक्क सांगत नाही.

हिमरेषा, तुम्ही सांगितलेली काळजी घेतली, तरी एका जागी माझी दोरी खडकात अडकून तुटली आणि वजन तळाशीच राहिले. कथिलाचे होते एवढेच समाधान.

खाजणकर (२१ सप्टेंबर)

डोळे मिटून गरवणारे बाबा! त्यांना माझा नमस्कार सांगा. आता मुद्द्याचे बोला. केले कसे आणि चव कशी होती?

शास्त्रीकाठचा (२२ सप्टेंबर)

केले साधेच. खवले काढून कातडीसकट तुकडे, हळद-मीठ-तिखट, कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवले आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळले. आईने गावाहून पाठवलेली तिरफळे आमटीत गेली. मांस पांढरे, घट्ट, काटे मोठे आणि थोडे, त्यामुळे मुलीनेही न कुरकुरता खाल्ले. बाबांनी दोन तुकडे खाऊन निकाल दिला: "मासा चांगला आहे, पण ह्याने समुद्र पाहिलेला नाही." मिठाचा डबा तिसऱ्यांदा पुढे ओढून घेतला आणि आमटी संपवली.

त्यांचे विमान या रविवारी आहे. काल संध्याकाळी त्यांनी मला कॅलेंडर आणायला लावले आणि बर्फ नक्की कोणत्या तारखेला फुटतो ते विचारले. मी म्हणालो, दर वर्षी तारीख वेगळी असते, एप्रिलअखेर किंवा मेची सुरुवात. पुढच्या वर्षी आंब्याच्या हंगामात घर सोडून यायचे की नाही, यावर आता संगमेश्वराला फोन चालू आहेत. हिमरेषा, चावणाऱ्या काळ्या माश्यांचा (ब्लॅक फ्लाय) त्रास नेमका केव्हा सुरू होतो? आईची तेवढी एकच अट आहे.

हिमरेषा (२२ सप्टेंबर)

साधारण मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. बर्फ गेल्यापासून माश्या येईपर्यंत जे दहा-बारा दिवस मिळतात, त्यांतच यायचे. तिकीट तारीख बदलता येईल असे काढा. आईंसाठी जाळीची टोपी आणि फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे माझ्याकडे जास्तीचे आहेत, ते घेऊन जा. आणि बाबांना सांगा की त्या दिवसांत ट्राउट काठापासून वीस पावलांवर असतो, त्यामुळे होडी डोक्यावर घ्यावीच लागेल असे नाही.

खाजणकर (२२ सप्टेंबर)

आंबे पेटीने पाठवता येतात, असेही सांगा.